विष्णु दिगंबरांचे छापील गाणे

कै. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे नाव आपल्या घरांतून नवे नाही. ज्या घरी हार्मोनियम आहे आणि मुलगी प्रारंभिकच्या परीक्षेस बसली आहे, त्या घरी आजही त्यांचेच राज्य चालू आहे. लाहोरचे गांधर्व महाविद्यालय, रामधून, काँग्रेसच्या अधिवेशनांतले वंदे मातरम्, हे सारे वाचकांस पाठ असेल. मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या डोळ्यांविषयी. त्यांचे चरित्र सांगताना हा भाग आपण पहिल्या पानावर उरकतो आणि पुढे विसरतो.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असता एक फटाका लहान विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. दृष्टी अगदीच गेली नाही, पण इतकी अधू झाली की शाळा सुटली. मिरजेस डॉ. भडभडे यांचे उपचार झाले. डोळे सुधारेनात, तेव्हा मुलाचा गळा चांगला आहे, ह्याला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनीच दिला. दृष्टी गेलेल्याने गावे, हा आपल्या समाजाचा जुना तोडगा आहे. त्यात दया आहे तशी सोयही आहे. दुसरी विद्या त्याच्यापर्यंत पोचवण्याची खटपट मग कोणालाच करावी लागत नाही.

मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. वासुदेवबुवा जोशांची सेवा करून ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, तेच हे बुवा. विष्णूने त्यांच्यापाशी बरीच वर्षे काढली. गुरूने गावे, शिष्याने कान देऊन ऐकावे, पुन्हा म्हणावे. त्या पंगतीत वाचू शकणारा आणि न वाचू शकणारा हे दोघे सारखेच बसत, कारण पुस्तक कोणापाशीच नव्हते. मात्र ह्या समतेचे मोल शिष्यालाच द्यावे लागे. चीज कधी मिळावी आणि किती मिळावी हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर. आमच्या वडिलांनी राजवाड्यात उभी हयात गाण्याची सेवा केली. त्यांच्या ट्रंकेत चिजांची एक वही निघाली, तीत प्रत्येक अस्ताईचे पहिले चार शब्द, पुढे कोरे. अंतरा हवा असेल त्याने समोर येऊन बसावे, एवढाच त्या कोऱ्या जागेचा अर्थ.

मिरजेच्या एका समारंभाचे आमंत्रण विष्णूस आले आणि त्याच्या गुरूस आले नाही. कारण विचारता, बुवा काय, गवईच ते, असा अर्थ निघाला, असे सांगतात. १८९६ साली पंडितजींनी मिरज सोडली आणि गवयाला मान मिळवून देण्याचा विडा उचलला. पहिल्या मुक्कामांपैकी एक बडोदे. तेथे प्रो. मौलाबक्ष यांनी १८८६ सालीच गायनशाळा काढली होती आणि स्वरलिपीत पुस्तकेही केली होती. पंडितजी तेथून काय घेऊन गेले ह्याचा तर्क मी करीत नाही. पण गाणे शाळेत शिकवता येते आणि कागदावर उतरवता येते, ही हवा त्या शहरात होती खरी.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले, १९०८ साली मुंबईस. पंडितजींनी स्वतःची स्वरलिपी बसवली. मंद्राच्या स्वरावर टिंब, तारसप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, मात्रांच्या खुणा स्वराखाली. पुस्तके बाहेर छापून परवडेनात म्हणून छापखाना घातला, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना काढला. मुलींचे वर्ग चालवले. गरीब मुलांस लेखी करार करून पदरी ठेवले, जेवूखाऊ घातले आणि शिक्षक करून बाहेर पाठवले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्याच तालमीतली माणसे. ज्याच्या हातून लहानपणी पुस्तक सुटले, त्यानेच गाणे पुस्तकात घातले. दूरच्या गावी, ज्याला गुरू परवडत नाही अशा मुलाला चीज अंतऱ्यासकट मिळावी, एवढ्यासाठी. मुंबईच्या इमारतीच्या कर्जाने त्यांना बुडवले आणि तिचा लिलाव झाला. पुढे नाशिकचा रामनाम आधार आश्रम, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच अंत.

आता खटकणारी गोष्ट. पुस्तक आले आणि पंगतीतली जुनी समता मोडली. डोळस मुलगा गुरुजी गेल्यावरही पान उघडून बसतो. अंध मुलगा मात्र दुसऱ्या कोणी वाचून दाखवण्याची वाट पाहतो. वरच्या परीक्षांना लेखी उत्तरपत्रिका असते. तेथे लेखनिक मिळतो, पण खुणा लेखनिकाला कळल्या तर. हल्ली मी सिल्वासाजवळ सुरंगीस शिकवतो. तेथे वारली वस्तीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. जन्मांध आहे, कान असा की तंबोऱ्याची एक तार उतरली तर माझ्या आधी त्याला कळते. त्याच्यापाशी वाचून दाखवणारा फोन आहे. जुन्या पुस्तकांच्या छायाचित्रांपुढे तो गप्प राहतो. मी टाइप करून दिलेल्या सरगमीत मंद्र निषादावरचे टिंब त्याने अनुस्वार म्हणून उच्चारले, आणि उभी रेघ गिळूनच टाकली. दोघेही हसलो, पण राग भूप नव्हे, यमन होता, आणि त्या टिंबावाचून त्याची उठावणीच बिघडते.

तोड शंभर वर्षांहून जुनी आहे. लुई ब्रेल हाही बालपणी अपघाताने अंध झालेला. तीन वर्षांचा असता बापाच्या खोगिरांच्या कारखान्यातली आरी डोळ्यात गेली. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. १८२९ साली त्याने छापलेल्या पहिल्याच पुस्तकात शब्दांबरोबर संगीत लिहिण्याची रीत आहे. सहा टिंबांच्या घरात वरची चार स्वर सांगतात, खालची दोन त्याची लांबी. आपल्याकडे १९५१ पासून सर्व भाषांसाठी भारती ब्रेल आहे. तीत स र ग म प ध न प्रत्येकी एका घरात बसतात. अडचण एवढीच की बोटाला वर आणि खाली दिसत नाही. एकामागून एक घरे लागतात. म्हणून सप्तकाची खूण स्वराच्या डोक्यावर न ठेवता स्वराआधी ठेवावी लागते.

तसे आम्ही करतो आहोत. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर अंधांसाठी असे रूपांतर करण्यास मालकाची परवानगी लागत नाही, आणि पंडितजींची पुस्तके तर कधीच मोकळी झाली आहेत. मी स्वर सांगतो, मुलगा पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचतो, कागद उलटून वाचतो आणि माझी चूक दाखवतो. यमनचा छोटा ख्याल झाला. भूपाची अस्ताई झाली, अंतरा येत्या गुरुवारी.