हातानं तपासलेला ३९ अंकी आकडा, ज्याचा विक्रम ७५ वर्षं टिकला

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. हा मोबाईल नंबर नाही की ओटीपी नाही. ही एक मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. १२७ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. १८७६ मध्ये, कॉम्प्युटर नसताना हे शोधलं एदुआर लुका यांनी.

लुका यांचा जन्म १८४२ चा, फ्रान्समधल्या आमियाँचा. आधी पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि नंतर आयुष्यभर शाळामास्तर.

आता प्रश्न असा, की ३९ अंकी संख्येला एकेका आकड्यानं भागत बसलं तर जन्म पुरायचा नाही. मग लुका यांनी काय केलं?

त्यांनी भागाकार टाळणारी युक्ती काढली. छोटं उदाहरण बघा. ७ वेळा २ चा गुणाकार वजा १, म्हणजे १२७. सुरुवात ३ पासून करायची. वर्ग करा, २ वजा करा आणि उत्तर १२७ पेक्षा मोठं झालं तर १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा. आकडे येतात ३, ७, ४७, ४८, १६, ०. सहाव्या जागी शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ संख्या. ३९ अंकी संख्येसाठी हेच शून्य १२६ व्या जागी यावं लागतं.

याच काळात त्यांनी आणखी एक धक्का दिला. १६४४ मध्ये मर्सेन या धर्मगुरूनं अशा मूळ संख्यांची यादी दिली होती. त्यात ६७ वेळा २ घेऊन बनणारी संख्याही होती. लुका यांनी ती मूळ नसल्याचं दाखवलं, पण तिला कोणत्या संख्यांनी भाग जातो हे त्यांनाही सापडलं नाही. ते उत्तर १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी दिलं : १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.

ते बघायला लुका हयात नव्हते. १८९१ मध्ये एका मेजवानीत वेटरच्या हातून भांडी पडली, फुटक्या बशीचा तुकडा त्यांच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि काही दिवसांतच ते गेले. वय फक्त ४९.

चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर नेण्याचा 'टॉवर ऑफ हनोई' हा खेळही त्यांचाच, १८८३ चा. त्याला काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथा जोडली गेली. सेकंदाला एक चकती हलवली तरी ५८ हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील.

त्यांच्या ३९ अंकी संख्येहून मोठी मूळ संख्या १९५१ मध्ये सापडली, तीही गणनयंत्राच्या मदतीनं. त्याआधीच लेहमर यांनी लुका यांची पद्धत सुधारली होती. २०२४ मध्ये मिळालेली चार कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्या पक्की करायलाही हीच लुका-लेहमर चाचणी वापरली गेली.