रेव्हरंड टिळकांचा राजीनामा

ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी अशी गावे घेत इंदापूरला पोहोचते आणि तेथून पंढरीची वाट धरते. तुकोबांच्या अभंगांनी लक्षावधी माणसांना विठ्ठलाच्या चरणी नेले, हे आपण जाणतोच. परंतु त्याच अभंगांचे बोट धरून एक माणूस ख्रिस्ताच्या चरणी पोहोचला आणि तुकोबांचे ते ऋण त्याने अखेरपर्यंत उघडपणे मान्य केले. तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून ते आपल्या परिचयाचे आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धीट कृती काव्याच्या प्रांतातली नव्हती, ती होती एका पगाराचा त्याग.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणीच आई गेली, घर दुरावले आणि नाशिकला त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. पुढील आयुष्य भटकंतीत, शिक्षकीत आणि कीर्तन-पुराणांत गेले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधू शकेल असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना बेचैन करीत असे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि त्या भेटीतून बायबलचे वाचन सुरू झाले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत प्रथम त्यांच्या पत्नीने मोजली. लक्ष्मीबाई मुलासह पंढरपुरी बहिणीच्या आश्रयाला राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि पुढे 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. तोवर टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत स्थिरावले होते. तेथे ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. 1904 साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले.

मिशनने महाराष्ट्रासाठी केलेले कार्य कमी लेखण्याचे कारण नाही. 1813 साली मुंबईत सुरू झालेल्या या मिशनने शाळा काढल्या, दवाखाने चालविले, दुष्काळात निराधार मुलांना आसरा दिला. तथापि या साऱ्याचा पैसा बोस्टनहून येई आणि जेथून पैसा येतो तेथे निर्णयही होतात, हा अर्थव्यवहाराचा जुना नियम धर्मकार्यालाही चुकत नाही. एतद्देशीय पाळक हा मिशनचा पगारी सेवक होता. त्याच्या उपदेशामागे श्रद्धा किती आणि वेतन किती, अशी शंका शेजारच्या हिंदू माणसाने घ्यावी, यात नवल नव्हते. शंका खोटी असली तरी तिचे निरसन शब्दांनी होणे शक्य नव्हते.

टिळकांनी आधी भाषेचा प्रश्न हाती घेतला. परक्या चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांची पदे गायिली जातात. पण भाषा आपली झाली तरी तिजोरी परक्यांची राहिली, तर मंडळी आपली होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. 1917 साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले. संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत होते. मिशनशी त्यांनी वैर धरले नाही. त्यांनी केवळ त्याचे देणे नाकारले.

या त्यागाचे मूल्यमापन करताना हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पगार एकट्या टिळकांचा नव्हता, त्यावर संसार चालत होता. पतीच्या लहरी आणि औदार्य यांची झळ लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर सोसली. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचले म्हणजे संन्यासाचा खर्च स्वयंपाकघरातून कसा भागवावा लागतो, ते कळते. शिवाय दरबारालाही फारसा अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन करण्यात आले. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यांच्याही मृत्यूनंतर मुलगा देवदत्त याने पूर्ण केले.

मग टिळकांचा प्रयोग फसला असे म्हणावे काय? संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर तो फार टिकला नाही. पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र टिकून आहे. आपल्या भागातील शेतकऱ्यांनी भागभांडवल उभारून साखर कारखाने काढले, तेव्हा त्यांना वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारण्याचा अधिकार मिळाला तो स्वतःच्या पैशामुळे. शाळा असो, वाचनालय असो, देवस्थान असो वा चर्च. देणगीदाराच्या किंवा सरकारच्या अनुदानावर संस्था उभी राहते खरी, पण तिचा स्वर हळूहळू दात्याच्या स्वराशी जुळू लागतो. अनुदान घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. प्रत्येकाला टिळकांप्रमाणे पगार सोडता येणार नाही, आणि घरच्या माणसांचा विचार न करता कोणी तो सोडूही नये. परंतु ज्या कार्याला आपण आपले म्हणतो त्यासाठी पदरचे थोडे तरी वेचल्याशिवाय त्यावर हक्क सांगता येत नाही, एवढा बोध घेण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. पंढरीला स्वतःची शिदोरी बांधून निघणाऱ्या वारकऱ्याला तो केव्हाच ठाऊक आहे.