रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (इ.स. १८०४ – १० एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार व आद्य छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या विस्तृत प्रमाणावर प्रती तयार करणारे ते पहिले चित्रकार होत. १८४४ साली या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यानंतरचे आयुष्य त्यांनी बहुतांशी अजिंठा परिसरात व्यतीत केले. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे अंधाऱ्या वास्तूंतील छायाचित्रणाच्या भारतातील सर्वांत जुन्या प्रयत्नांपैकी आहेत. त्यांच्या बहुतेक चित्रप्रती १८६६ साली लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. छायाचित्रे मात्र ग्रंथरूपाने टिकून राहिली.

पार्श्वभूमी

अजिंठा लेणी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून सुमारे १०० कि.मी. अंतरावर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील कड्यात कोरलेली आहेत. लहानमोठी मिळून तेथे ३० लेणी असून त्यांत चैत्यगृहे व विहार असे दोन प्रकार आढळतात. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि लेणी पाश्चात्त्य जगाला ज्ञात झाली. त्याने कोरलेले स्वतःचे नाव दहाव्या लेण्यातील स्तंभावर आजही दिसते. त्या काळी हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे.

वास्तुशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ साली लेण्यांची पाहणी केली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेणी-स्थापत्यावर निबंध वाचला. ओल, वटवाघळे, पाखरे आणि गिलाव्याचे तुकडे काढून नेणारे प्रवासी यांमुळे भित्तिचित्रे वेगाने नष्ट होत आहेत व ती पूर्ण लोपण्यापूर्वी त्यांच्या प्रती व्हाव्यात, असा आग्रह या निबंधानंतर धरला गेला. कंपनीच्या संचालक मंडळाने तो मान्य केला आणि योग्य चित्रकाराचा शोध सुरू झाला.

सैनिकी सेवा व नियुक्ती

गिल यांचा जन्म १८०४ साली लंडनमध्ये झाला. तरुणपणीच ते कंपनीच्या सेवेत दाखल होऊन भारतात आले व मद्रास सैन्याच्या ४४ व्या देशी पायदळ पलटणीत अधिकारी झाले. चित्रकलेतील त्यांचे कौशल्य वरिष्ठांना परिचित असल्याने १८४४ साली, कॅप्टनच्या हुद्द्यावर असताना, त्यांना अजिंठ्याच्या कामासाठी निवडण्यात आले.

त्यांचा मुक्काम लेण्यांपासून काही कोसांवर असलेल्या अजिंठा गावातील बारादरीत होता. लेण्यांच्या पायथ्याचे गाव फर्दापूर. भोवताली घनदाट अरण्य होते आणि त्यात वाघांचा वावर होता. कड्यावरील आग्या मोहोळे व पावसाळ्यातील हिवताप यांचाही उपद्रव असे. सामग्री व रंग दूरवरून मागवावे लागत. पगार, मदतनीस व साहित्य यांबाबत सरकारशी होणारा पत्रव्यवहार लांबत जाई आणि कामाची गती त्यावर अवलंबून राही.

चित्रप्रती

गिल यांनी भित्तिचित्रांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगांत काढल्या. त्यांतील काही प्रती कित्येक फूट लांबीच्या होत्या. पहिले, दुसरे, सोळावे व सतरावे ही चित्रांनी समृद्ध असलेली लेणी मुख्यतः विहार आहेत. विहाराच्या मंडपात प्रकाश केवळ दर्शनी भागातील दरवाजा व खिडक्यांतून येतो. मागील भिंती व गर्भगृह दिवसाही अंधारलेले असते. त्यामुळे प्रत काढताना चित्रकाराला मशाली, दिवे किंवा दिवसातील ठराविक वेळी आत येणारा प्रकाश यांवर विसंबावे लागे. मशालीच्या पिवळसर उजेडात पिवळा गेरू व पांढरा चुना यांतील भेद ओळखणे कठीण होते. शिवाय मशालीची काजळी ज्या चित्राची नोंद करावयाची त्याच चित्रावर बसत असे. अजिंठ्याच्या कामातील ही अडचण पुढे प्रत्येक पिढीला नव्या स्वरूपात भेडसावत राहिली.

पूर्ण झालेली चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत. १८६३ पर्यंत सुमारे दोन दशके हे काम चालू होते.

छायाचित्रण

१८५० नंतर भारतात छायाचित्रणाचा झपाट्याने प्रसार झाला. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी रेखाटनांपेक्षा छायाचित्रे स्वस्त व अचूक ठरतील, असे कंपनीच्या संचालकांचे मत झाले आणि मुंबई इलाख्यात या कामासाठी अधिकारी नेमण्यात आले. याच सुमारास, १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गिल यांनीही कॅमेरा हाती घेतला.

कॅमेऱ्याची निवड

गिल यांची सर्वाधिक प्रसिद्ध छायाचित्रे त्रिमितीय म्हणजे स्टिरिओस्कोपिक प्रकारची आहेत. या कॅमेऱ्यात माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे शेजारीशेजारी दोन भिंगे असतात. त्यांतून मिळणारी किंचित भिन्न अशी दोन चित्रे विशिष्ट दर्शकातून पाहिली असता दृश्याला खोली प्राप्त होते. एकामागे एक उभ्या असलेल्या स्तंभांच्या रांगा, कोनाड्यातील मूर्ती आणि चैत्याची कमान एका साध्या छायाचित्रात सपाट भासतात. त्रिमितीय जोडचित्रात त्यांचे परस्परांतील अंतर स्पष्ट होते. लेणी ही आत कोरत नेलेली वास्तू असल्याने या तंत्राचा तेथे विशेष उपयोग होता.

अंधाराच्या दृष्टीनेही हा कॅमेरा सोयीचा होता. मोठ्या काचेसाठी लांब नाभीय अंतराचे भिंग लागते. त्यात जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी सुस्पष्ट ठेवण्यासाठी छिद्र बरेच लहान करावे लागते आणि प्रकाश कमी मिळतो. त्रिमितीय कॅमेऱ्याच्या लहान काचेला आखूड नाभीय अंतराचे भिंग पुरते. छिद्र तुलनेने मोठे ठेवूनही पुढचे व मागचे स्तंभ स्पष्ट येतात आणि प्रकाशन-काल घटतो. लेण्यात चढवावयाचे सामानही त्यामुळे हलके होते.

प्रकाशाचा प्रश्न

त्या काळी ओल्या कलोडियनची पद्धत प्रचलित होती. काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत आणि थर वाळण्यापूर्वी तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करीत. याला साधारण १०–१५ मिनिटांचा अवधी मिळे. उन्हाळ्यात तो आणखी कमी होई. म्हणून प्रकाशबंद तंबू, रसायने व स्वच्छ पाणी जागेवरच लागे. उघड्यावरील देखाव्याला काही सेकंद पुरत; विहाराच्या अंतर्भागाला मात्र इतका वेळ लागे की काच आधी वाळेल की चित्र आधी उमटेल, अशी स्थिती येई.

दुसरी मर्यादा रंगांची होती. कलोडियनचा थर निळ्या व जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असतो. पिवळ्या व तांबड्या प्रकाशाचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. याचे दोन परिणाम झाले. मशाल व तेलाचा दिवा यांचा उजेड डोळ्याला पुरेसा वाटला तरी काचेच्या दृष्टीने तो अंधारच होता. अजिंठ्याच्या चित्रांत तांबडा व पिवळा गेरू हे प्रधान रंग असल्याने छायाचित्रात ते काळे पडत, तर निळा रंग फिकट उमटे. त्यामुळे चित्रांची नोंद करण्यासाठी कुंचल्याला पर्याय उरला नव्हता. गिल यांच्या छायाचित्रांत दर्शनी भाग, स्तंभ, चैत्यगवाक्षे, स्तूप व शिल्पे यांचे प्राधान्य आढळते, त्याचे कारण या रसायनशास्त्रात आहे.

कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग याच काळात जगात अन्यत्र सुरू झाले. फ्रेंच छायाचित्रकार नादार यांनी १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या भुयारांत विजेच्या कमानदिव्यांनी छायाचित्रे घेतली. १८६५ साली चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी इजिप्तच्या महापिरॅमिडमध्ये मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्रण केले. मॅग्नेशियमचा निळसर शुभ्र प्रकाश काचेवर उत्तम परिणाम करी. परंतु त्याच्या दाट पांढऱ्या धुराने बंदिस्त जागा भरून जात असे. आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने बाहेरचे ऊन आत वळवणे हा सर्वांत साधा व निर्धोक उपाय होता. सूर्यप्रकाशातील निळे किरण त्यात कायम राहतात आणि काजळी वा धूर होत नाही. कड्याच्या वळणामुळे अजिंठ्याच्या लेण्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत; साहजिकच कोणत्या लेण्यात कोणत्या प्रहरी ऊन शिरते याचे ज्ञान तेथे काम करणाऱ्याला आवश्यक असे.

चैत्यगृहांत ही अडचण काहीशी कमी होती. नववे, दहावे, एकोणिसावे व सव्विसावे ही चैत्यगृहे असून त्यांच्या दर्शनी भागातील मोठ्या गवाक्षातून प्रकाश थेट स्तूपापर्यंत पोहोचतो. मूळ शिल्पकारांनी उपासनेसाठी केलेली ही योजना छायाचित्रकारालाही उपकारक ठरली.

ग्रंथ

गिल यांच्या छायाचित्रांवर आधारित दोन ग्रंथ १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात भारतातील शैलमंदिरांची ७४ छायाचित्रे असून दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्गेतिहास यांची १०० त्रिमितीय चित्रे आहेत. दोन्हींचे विवेचन फर्ग्युसन यांनी लिहिले. यांतील चित्रे छापील नसून प्रत्यक्ष छायाचित्रे पानांवर चिकटवलेली होती. अजिंठा व वेरूळ यांखेरीज लोणार येथील मंदिरांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. जीर्णोद्धारापूर्वीची भग्न दर्शनी बाजू, ढासळलेले स्तंभ व मातीने भरलेली प्रांगणे त्यांत दिसत असल्याने पुरातत्त्व अभ्यासकांना ती आजही उपयुक्त ठरतात.

क्रिस्टल पॅलेसची आग

गिल यांच्या बहुतांश चित्रप्रती लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित करण्यात आल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्या भस्मसात झाल्या. प्रदर्शनात नसलेली मोजकी चित्रे तेवढी वाचली. ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रही आहेत. दोन दशकांचे श्रम अशा रीतीने नाहीसे झाले. दरम्यानच्या काळात मूळ भित्तिचित्रांचीही झीज झाली असल्याने, जे भाग भिंतीवरूनही गळून पडले त्यांची हानी कायमची ठरली.

वैयक्तिक जीवन

गिल यांचा विवाह १८४१ साली झाला होता. अजिंठ्यातील वास्तव्यात पारो या स्थानिक स्त्रीशी त्यांचा स्नेह जडला. तिच्याविषयी परिसरात अनेक कथा प्रचलित असून तिच्या जातीपासून मृत्यूच्या कारणापर्यंत त्यांत एकवाक्यता नाही. अजिंठा गावातील तिची समाधी हा यातील ठोस पुरावा होय. समाधीवरील इंग्रजी लेखात गिल यांनी तिचा प्रिय व्यक्ती म्हणून उल्लेख केला असून मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी दिली आहे.

मृत्यू

आगीनंतरही गिल यांनी हा प्रदेश सोडला नाही. १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. भुसावळ येथील युरोपियन दफनभूमीत त्यांची कबर आहे.

वारसा

गिल यांच्या प्रती नष्ट झाल्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती तयार केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमधील दुसऱ्या आगीत जळाल्या. १९०९–११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली नंदलाल बोस आदी चित्रकारांनी प्रती केल्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात प्रथमच छायाचित्रणावर आधारलेल्या रंगीत प्रतिकृती मोठ्या संख्येने आल्या आणि गिल यांच्या कॅमेऱ्याला अशक्य असलेले काम पार पडले.

एकोणिसाव्या शतकात प्रती काढणाऱ्यांनी रंग उजळ दिसावेत म्हणून भित्तिचित्रांवर वार्निश चढवले होते. कालांतराने ते पिवळे पडले व त्याखालील चित्रे अधिकच काळवंडली. नोंद करण्याच्या प्रयत्नातून मूळ वस्तूला इजा पोहोचू नये, ही जाणीव त्यातून दृढ झाली. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न वापरता अत्यल्प प्रकाशात दीर्घ प्रकाशन-काल देऊन चित्रांची रंगीत छायाचित्रे घेतली. लेण्यांचा समावेश १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला असून चित्रांच्या संरक्षणासाठी तेथे फ्लॅशच्या वापरास मनाई आहे.

कवी ना. धों. महानोर यांनी गिल व पारो यांच्या कथेवर अजिंठा हे दीर्घकाव्य रचले. त्यावर आधारित अजिंठा हा नितीन चंद्रकांत देसाई दिग्दर्शित मराठी चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. या दोन कलाकृतींमुळे गिल यांचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित झाले. छायाचित्रकार म्हणून त्यांनी केलेले कार्य मात्र सामान्य वाचकांना तुलनेने कमी ठाऊक आहे.