जॉन टिंडल: गवताच्या पेंढीनं ज्यांचे प्रयोग बिघडवले

पाणी उकळलं की जंतू मेले, असं आपण मानतो. पिण्याच्या पाण्यापुरतं ते चालतं. पण उकळूनही न मरणारं काहीतरी असतं, हे जॉन टिंडल यांना फार डोकेफोड केल्यावर कळलं.

टिंडल 1820 साली आयर्लंडमधल्या लेइलिनब्रिज या गावात जन्मले. वडील पोलीस शिपाई. पोरगा आधी जमीन मोजणीत लागला, मग रेल्वेच्या मोजणीत. पैसे साठवून जर्मनीत शिकला आणि 1853 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला.

तेव्हा काही डॉक्टर म्हणत, जंतू आपोआप तयार होतात. टिंडल यांना ते पटेना. त्यांनी एक पेटी केली, धूळ चिकटावी म्हणून आतून ग्लिसरीन फासलं. आत उजेडाची तिरीप सोडायची. ती दिसेनाशी झाली की हवा स्वच्छ. मग नळ्यांत मांसाचा, भाज्यांचा अर्क पाच मिनिटं उकळून ठेवायचा. तो नितळच राहिला.

पण 1876 च्या अखेरीस प्रयोगशाळेत जुन्या वाळल्या गवताची पेंढी आली नि सगळं फिसकटलं. तासन्तास उकळूनही अर्क गढूळ! विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. टिंडल यांनी बोट दाखवलं ते गवताकडेच. 1877 मध्ये त्यांनी प्रयोग क्यू बागेतल्या प्रयोगशाळेत हलवले, तिथं पाच मिनिटांची उकळी पुन्हा पुरली.

गवताच्या धुळीत जंतूंचे बीजाणू होते. म्हणजे जाड कवचात झोपलेलं बीच म्हणा ना. फर्डिनांड कोन यांनाही जर्मनीत गवतातच ते दिसले होते. टिंडल यांनी युक्ती काढली: थोडं तापवा, थांबा, बी रुजून मऊ पडलं की पुन्हा तापवा. असं दोन-तीनदा. नुसत्या पाण्यात मात्र बी रुजत नाही, तिथं ही युक्ती लागू पडत नाही.

आता दवाखान्यातली हत्यारं वाफेच्या दाबाखाली 121 अंशांवर तापवतात. यंत्र नीट चालतंय का, हे बघायला आत मुद्दाम चिवट बीजाणूंची पट्टी ठेवतात. नंतर ती उबेत ठेवायची. बीजाणू वाढले तर यंत्र नापास.

टिंडल यांचा शेवट चटका लावणारा. 4 डिसेंबर 1893 ला पत्नी लुईझा यांच्या हातून चुकून पोटाच्या औषधाऐवजी झोपेच्या औषधाचा मोठा डोस दिला गेला, आणि त्याच दिवशी ते गेले.