मनाला प्रयोगशाळा देणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय विद्यापीठांत मानसशास्त्राला स्वतःचे घर नव्हते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमातील एक भाग एवढेच त्याचे स्थान होते. ग्रंथ वाचावेत, चिंतन करावे आणि परीक्षेत लिहावे. मनाचे व्यापार उपकरणांनी मोजता येतात, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटत असे. ती कल्पना कोलकात्यात प्रत्यक्षात आणली नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी.

१८८९ मध्ये जन्मलेले सेनगुप्त उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांना ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचे मार्गदर्शन लाभले. म्युन्स्टरबर्ग हे विल्हेल्म वुण्ट यांचे शिष्य, आणि वुण्ट यांनीच १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली होती. लाइपझिगची ही परंपरा अशी हार्वर्डमार्गे बंगालमध्ये आली.

कोलकाता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी आणि ब्रजेंद्रनाथ सील यांच्या प्रयत्नांतून मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये सुरू झाला व त्याची सूत्रे सेनगुप्तांकडे आली. वय अवघे सव्वीस-सत्तावीस. खोलीचे आकलन, अवधान, उद्दीपन आणि संवेदना यांचे परस्परप्रमाण हे तेथील आरंभीच्या संशोधनाचे विषय होते. वरवर पाहता किरकोळच. पण प्रत्येक निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहता येणार होता आणि नव्या शास्त्राचा सारा दावा त्यावरच उभा होता.

या विभागाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस होते. व्यवसायाने डॉक्टर आणि वयाने सेनगुप्तांहून मोठे. १९१७ मध्ये ते एम. ए. झाले आणि पुढे त्यांनी भारतात मनोविश्लेषणाचा पाया घातला. एकाचा भर मापनावर, तर दुसऱ्याचा अबोध मनाच्या शोधावर. दोघेही एकाच छताखाली काम करीत राहिले, ही त्या विभागाची मोठीच पुण्याई म्हणावी लागेल.

तरीही विज्ञानाच्या पंगतीत पान मिळणे बाकी होते. १९२५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद सेनगुप्तांना मिळाले. भौतिकी आणि रसायनशास्त्राच्या अभ्यासकांसमोर मनाच्या अभ्यासकांनी आपले निष्कर्ष मांडण्याचा मार्ग मोकळा झाला. पाठोपाठ त्यांच्या संपादनाखाली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ हे नियतकालिकही निघाले.

प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ते अडकून पडले नाहीत. समाजशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी यांच्यासह १९२८ मध्ये त्यांनी सामाजिक मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला; समूहात वावरणाऱ्या माणसाचे मन हा त्याचा विषय. त्यानंतर लवकरच, १९२९ च्या सुमारास, त्यांनी लखनौ विद्यापीठाची वाट धरली. स्वतः घडविलेला कोलकात्याचा विभाग बोस यांच्या हाती गेला.

लखनौत मानसशास्त्र अजून तत्त्वज्ञानाच्याच छत्राखाली होते. ज्या दालनातून त्यांनी हा विषय एकदा बाहेर काढला होता, तेथेच त्यांना पुन्हा कामाला लागावे लागले. १९४४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.