जॉन माल्कम

मेजर जनरल सर जॉन माल्कम (जन्म : बर्नफूट, स्कॉटलंड, २ मे १७६९, मृत्यू : लंडन, ३० मे १८३३) हे ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी, मुत्सद्दी, इतिहासकार आणि १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची शरणागती त्यांनी स्वीकारली. महाबळेश्वर येथील माल्कम पेठ त्यांच्या नावाने वसली. कोकण आणि देश यांना जोडणारा बोरघाटातील (खंडाळ्याचा घाट) पहिला गाडीरस्ता त्यांच्या कारकिर्दीत तयार झाला. आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात खोपोलीपासून हा घाट चढू लागतो. मुंबई-पुणे प्रवासाच्या इतिहासात या रस्त्याला आरंभबिंदूचे स्थान आहे.

बालपण आणि भारतात आगमन

माल्कम यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ एस्क नदीच्या खोऱ्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. जॉर्ज माल्कम आणि मार्गारेट पास्ली यांच्या सतरा अपत्यांपैकी ते एक होत. कर्जबाजारी झालेल्या वडिलांना मुलांना लवकर नोकरीस लावणे भाग पडले. कंपनीच्या संचालकांसमोर मुलाखतीस उभे राहिले तेव्हा जॉन यांनी वयाची चौदा वर्षेही पूर्ण केली नव्हती. हैदर अली समोर आला तर काय करशील, या प्रश्नावर त्याचे शिर उडवीन अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी नेमणूक मिळवली, अशी आख्यायिका आहे. १७८३ मध्ये ते मद्रासला पोहोचले.

सुरुवातीची काही वर्षे उधळपट्टीत आणि कर्जात गेली. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या सुमारास त्यांनी फार्सी भाषेचा अभ्यास मनावर घेतला आणि त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा बदलली. तलवारीपेक्षा भाषेच्या बळावर ते वर चढले. १७९८ मध्ये हैदराबाद येथे त्यांची साहाय्यक रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूरची घडी बसवणाऱ्या आयोगाचे ते थॉमस मन्रो यांच्यासह चिटणीस होते. इराणच्या शहाकडे गेलेल्या वकिलातींचे नेतृत्व त्यांनी अनेकदा केले. त्या अनुभवातून लिहिलेला त्यांचा इराणचा दोन खंडांतील इतिहास १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी सत्तेशी संबंध

१८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात माल्कम हे आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यांच्याबरोबर दख्खनमध्ये होते. युद्धाच्या अखेरीस दौलतराव शिंदे यांच्या दरबाराशी झालेल्या वाटाघाटींत त्यांचा मोठा भाग होता. याच काळात, १८०४ च्या सुमारास, वेलस्ली यांनी सैन्य आणि तोफखाना यांच्या हालचालींसाठी बोरघाटातील जुनी वाट सुधारली होती.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत माल्कम यांनी आघाडीवर राहून हल्ला केला. ६ जानेवारी १८१८ रोजीचा मंदसौरचा तह त्यांनीच घडवून आणला. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव त्यांच्या स्वाधीन झाले. माल्कम यांनी बाजीरावांना वार्षिक आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन मान्य केले. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांना ही रक्कम अवाजवी वाटली, तरी दिलेला शब्द पाळण्यात आला. लढाई लांबली असती तर खर्च आणि मनुष्यहानी याहून अधिक झाली असती, अशी माल्कम यांची बाजू होती. बाजीराव पुढे १८५१ पर्यंत जगले आणि हे वेतन त्यांना अखेरपर्यंत मिळत राहिले. त्यामुळे या निर्णयावरील टीकाही दीर्घकाळ चालू राहिली.

त्यानंतर माल्कम यांनी माळव्याचा कारभार पाहिला. १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नरपद माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना मिळाले. पाठोपाठ मद्रासचे पद थॉमस मन्रो यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा डावलले गेल्याचे शल्य घेऊन ते इंग्लंडला परतले.

मुंबईचे गव्हर्नर

नोव्हेंबर १८२७ मध्ये माल्कम यांनी एल्फिन्स्टन यांच्याकडून सूत्रे घेतली. कंपनीची आर्थिक स्थिती बिकट असल्याने खर्चात काटकसर करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यात मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाशी त्यांचा तीव्र संघर्ष उद्भवला. पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश न्यायालयाने काढला आणि सरकारने तो अमलात आणण्यास नकार दिला. मुंबई बेटाबाहेर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, अशी सरकारची भूमिका होती. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी निषेधार्थ काही काळ न्यायालयाचे काम बंद ठेवले. शेवटी १८२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने मत दिले.

१८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून महाबळेश्वर येथील जागा मिळवून त्यांनी आरोग्यस्थान वसवले. त्या बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव छत्रपतींना देण्यात आले. हे खंडाळा बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळ्याहून वेगळे आहे.

वेग आणि दळणवळण

माल्कम यांच्या कारकिर्दीतील दोन कामे प्रवासाचा वेळ कमी करण्याशी निगडित होती. पहिले काम समुद्रमार्गाचे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि कोळशासाठी वाटेत थांबत ३३ दिवसांत सुएझला पोहोचली. केप ऑफ गुड होपला वळसा घालणाऱ्या प्रवासाला अनेक महिने लागत. त्या मानाने हे अंतर फारच कमी काळात कापले गेले. या उपक्रमात कंपनीच्या मुंबईतील आरमाराचे प्रमुख असलेले त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स माल्कम यांचे साहाय्य होते.

दुसरे काम बोरघाटाचे. त्या काळी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तेथून चौक, खालापूर या मार्गाने खोपोलीस येई. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे मंदिर वाटसरूंच्या विसाव्याचे ठिकाण होते. तेथून सुमारे ५०० मीटरची चढण लागे. घाटात चाकाची वाहने सहज चालत नसल्याने माल लदणीच्या बैलांवरून वाहिला जाई, तर माणसे पायी, तट्टावर अथवा पालखीतून जात. त्यामुळे घाटमाथ्यावर मालाची किंमत वाढे आणि सैन्याच्या सामानाची ने-आण खर्चिक ठरे.

माल्कम यांच्या काळात या चढणीवर वळणे घेत जाणारा गाडीरस्ता बांधण्यात आला. काम पूर्णपणे आटोपण्यापूर्वीच १० नोव्हेंबर १८३० रोजी माल्कम यांनी तो खुला केला. त्या दिवशी ते स्वतः काही सहकाऱ्यांसह अनेक घोडागाड्यांमधून घाट उतरून आले. निरोपाच्या टिपणात त्यांनी या रस्त्याला कोकण आणि दख्खन यांच्यामधील भिंत पाडणारे काम मानले. पथकराचे उत्पन्न आणि लष्करी वाहतुकीतील बचत यांतून गुंतवलेल्या रकमेचा भार निघेल, असा त्यांचा हिशेब होता. मुंबई-पुणे मार्गावरील पथकराचा प्रश्न अशा रीतीने या रस्त्याइतकाच जुना आहे.

घाटमार्गाच्या निर्मितीसंबंधी स्थानिक परंपरा निराळी आहे. घाटातून मार्ग कोठून न्यावा हे इंग्रजांना उमगत नव्हते. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने तो दाखवला आणि नंतर त्याच इंग्रजांनी त्याला ठार मारले, अशी लोककथा सांगितली जाते. खोपोलीच्या वरच्या अंगाला जुन्या रस्त्यालगत शिंग्रोबाचे मंदिर आहे. येथून जाणारे वाहनचालक त्याला नाणे वाहून पुढे जातात. सरकारी कागदपत्रांत गव्हर्नरचे नाव राहिले आणि वाटाड्याचे स्मरण रस्त्याने जाणाऱ्यांनी जपले.

पुढील काळात हा रस्ता रेल्वेलाही उपयोगी पडला. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. कर्जतच्या बाजूने चढणारा घाटातील लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला. मधल्या पाच वर्षांत उतारूंना खोपोलीस उतरून याच घाटरस्त्याने खंडाळा गाठावे लागे.

घाटातील आजची वाहतूक

जुना मुंबई-पुणे महामार्ग आजही खोपोलीहून बोरघाट चढतो. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वापरात आला. सुमारे ९४.५ किमी लांबीच्या या सहापदरी मार्गाचा मोठा भाग खालापूर तालुक्यातून जातो. घाटातील ब्रिटिशकालीन अमृतांजन पुलाच्या खांबांमुळे त्याची रुंदी अडखळत असे. एप्रिल २०२० मध्ये हा पूल पाडण्यात आला.

माल्कम यांच्या काळात घाट ओलांडता येणे हीच अडचण होती. आता तो किती वेगाने आणि कोणत्या मार्गिकेतून ओलांडावा, हा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये डाव्या बाजूने वाहन हाकण्याचा नियम १८३५ च्या महामार्ग कायद्याने सर्वत्र लागू झाला आणि भारतातही डावी बाजूच रूढ झाली. वाहतुकीच्या शिस्तीनुसार अवजड व सावकाश चालणाऱ्या वाहनांनी डावी मार्गिका धरावी. उजवी मार्गिका ओलांडून पुढे जाण्यापुरती वापरावी आणि ओलांडून झाल्यावर पुन्हा डावीकडे यावे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, असाही भारतीय वाहतूक नियमांत निर्देश आहे, कारण चढणीवर थांबलेले जड वाहन पुन्हा हलवणे कठीण असते.

चढणीवर मालवाहू ट्रक सावकाश चालतात. असा एक ट्रक दुसऱ्याला ओलांडण्यासाठी उजवीकडे आला की मागच्या वाहनांची गती एकदम खुंटते. संयम सुटलेले चालक मग डावीकडून घुसतात आणि अपघाताचा धोका वाढतो. उताराचे संकट याहून वेगळे असते. खोपोलीकडे उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी होतात आणि वाहन आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढण चढावी त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा संकेत यासाठीच आहे. द्रुतगती मार्गावर घाटातील वेगमर्यादा सपाट भागापेक्षा कमी ठेवण्यामागेही हेच कारण आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे जुन्या महामार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ एक खासगी बस दरीत कोसळून बाराहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

अखेरची वर्षे आणि वारसा

रस्ता खुला केल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १८३० मध्ये, माल्कम यांनी भारत सोडला. परतीच्या प्रवासास ते ‘ह्यू लिंडसे’ आगबोटीनेच तांबड्या समुद्राच्या मार्गाने निघाले. इंग्लंडमध्ये १८३१ ते १८३२ या काळात ते लॉन्सेस्टन मतदारसंघाचे संसद सदस्य होते आणि संसदीय सुधारणा विधेयकाला त्यांनी विरोध केला. ३० मे १८३३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. रॉबर्ट क्लाइव्ह यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र मृत्यूनंतर १८३६ मध्ये प्रकाशित झाले. शिल्पकार फ्रान्सिस चँट्री यांनी घडवलेला त्यांचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजेच एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत आहे.

माल्कम यांच्या मूल्यमापनात अभ्यासकांचे एकमत नाही. देशी संस्थानिक, भाषा आणि चालीरीती यांच्याविषयी आस्था असलेला कारभारी म्हणून त्यांचा गौरव होतो. त्याच वेळी मराठी सत्तेच्या विसर्जनातील एक प्रमुख हस्तक म्हणूनही त्यांच्याकडे पाहिले जाते. बोरघाटाचा रस्ताही या दुहेरी वारशाचाच भाग आहे. नव्याने जिंकलेल्या प्रदेशात सैन्य आणि माल लवकर पोहोचावा हा त्यामागील हेतू होता, पण त्याचा उपयोग पुढे घाटाखालच्या आणि घाटावरच्या सर्वसामान्य माणसांना झाला.