धर्म, विज्ञान आणि आपले सरफोजी महाराज



स्मरणिकेसाठी काही लिहा असा समितीचा आग्रह दरवर्षी असतो आणि मी तो टाळत आलो. यंदा मात्र लिहायला बसलो, त्याला एक लहानसे निमित्त झाले. गेल्या वर्षी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा चालू असताना एका सहकाऱ्याच्या मुलाने मला हळूच विचारले, "काका, तुम्ही दिवसभर विज्ञानाचं काम करता, मग इथे हात जोडून कसे बसता? दोन्ही खरं कसं असेल?" आरती सुरू झाली म्हणून मी सुटलो. पण घरी जाताना वाटले, तंजावरात राहून या प्रश्नाला उत्तर नाही म्हणणे बरे नव्हे. हा प्रश्न ज्यांच्या सबंध आयुष्यात होता, ते सरफोजी महाराज याच गावचे.

महाराजांचा जन्म १७७७ चा. निपुत्रिक तुळजाराजांनी त्यांना १७८७ साली दत्तक घेतले आणि लवकरच राजांचे निधन झाले. तेव्हा हे दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय पंडितांनी दिला आणि गादी अमरसिंहांकडे गेली. पुढे दुसऱ्या पंडितांनी तेच दत्तविधान शास्त्रसंमत ठरवले आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. शास्त्र तेच, अर्थ दोन! शास्त्राचा अर्थ माणसे लावतात, हा धडा महाराजांना लहानपणीच मिळाला असावा असे मला वाटते.

मधल्या काळात त्यांचा सांभाळ केला तो जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी. त्यांच्या छत्राखाली आणि पुढे मद्रासेत महाराज इंग्रजी व पाश्चात्य विद्या शिकले. मुलगा ख्रिस्ती होईल अशी आशा पुष्कळांना होती. महाराज ख्रिस्ती झाले नाहीत. पण गुरूचे ऋणही विसरले नाहीत. श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये ते आजही आहे, अवश्य पाहावे. आणि त्याच महाराजांनी मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, तो १८०३ साली.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांच्या हाती किल्ला, थोडा आसपासचा मुलूख आणि तनखा उरला. दुसरा कोणी असता तर नाचगाण्यात रमला असता. महाराजांनी वाड्यात छापखाना घातला. तिथे देवनागरी टाइपात पुस्तके निघाली, इसापच्या गोष्टी मराठीत आल्या. सरस्वती महालात जुन्या पोथ्यांच्या शेजारी युरोपातले वैद्यक आणि शास्त्र यांचे ग्रंथ येऊन बसले. रुग्णांसाठी व औषध संशोधनासाठी जी संस्था काढली तिचे नाव धन्वंतरी महाल. नाव देवाचे, पण आत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक जाणणारे एकत्र काम करीत. नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात जतन केलेली आहेत. रोग काय, उपाय काय, गुण आला की नाही, हे कागदावर लिहून ठेवायचे, ही शिस्त त्या काळी आपल्याकडे दुर्मिळ होती.

आता खरी अडचण सांगतो. शरीर समजायचे तर हाडे पाहायला हवीत, आणि प्रेताच्या हाडांना शिवणे म्हणजे विटाळ. महाराजांनी काय केले? मानवी सांगाडा हस्तिदंताचा मिळवला! त्या काळच्या एका इंग्रज प्रवाशाने हे नोंदवले आहे. मला या गोष्टीचे मोठे कौतुक वाटायचे. आचारही राहिला, अभ्यासही झाला.

पण पुढे जास्त विचार केला तेव्हा यातली उणीवही दिसली. हस्तिदंतात कारागिराने जेवढे कोरले तेवढेच दिसणार. त्याच्या नजरेतून जे सुटले ते कायमचे सुटले. खरे हाडच खरे बोलते. महाराज १८३२ साली वारले आणि अवघ्या चार वर्षांनी, १८३६ मध्ये, कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त या वैद्याने स्वतःच्या हाताने शवविच्छेदन केले. गुप्तही आयुर्वेद शिकलेले, संस्कृत जाणणारे. जी पायरी महाराजांनी वळसा घालून टाळली, ती त्यांनी चढून दाखवली.

म्हणून महाराजांचे मोठेपण कमी होत नाही. गॅलिलिओला १६३३ साली रोममध्ये गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले. पृथ्वी फिरते असे सांगणारी पुस्तके छापायला तिथल्या धर्मपीठाने रीतसर मोकळीक दिली ती १८२२ मध्ये. त्याच सुमारास आपले महाराज काशीयात्रा करून, गंगास्नान करून, बरोबर पोथ्या घेऊन परतत होते. ह्याच यात्रेकरू राजाने 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले आणि त्यातल्या गाण्यांमधून जगाचा भूगोल सांगितला. पुराणातल्या सप्तद्वीपांवर वाढलेल्या प्रेक्षकांपुढे त्यांनी खरे देश, खरे समुद्र ठेवले, तेही देवेंद्राच्या नावाने.

एक खंत मात्र राहते. हे सारे एका राजाच्या आवडीवर उभे होते. १८५५ मध्ये गादी खालसा झाली. ग्रंथ राहिले, पण धन्वंतरी महालातले काम पुढे नेणारी शिष्यांची परंपरा राहिली नाही. विद्येला केवळ आश्रयदाता पुरत नाही, प्रश्न विचारणारी मुलेही लागतात.

त्या मुलाला आता माझे उत्तर असे आहे. बाळा, हात जोडून मी मनाला नम्र करतो, आणि कामावर गेलो की डोळे उघडे ठेवतो. दोन्हींचे भांडण होईल तेव्हा, बाहेरचे जग कसे चालते एवढ्यापुरते, मी डोळ्यांवर विश्वास ठेवीन. महाराज हस्तिदंतापर्यंत आले. तू त्यापुढे जा. आणि पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी पुन्हा प्रश्न विचार. बाप्पा विद्येची देवता आहे, तिला प्रश्नांचा राग येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!